ध्वनिमुद्रिका व सीडी यांवरील ध्वनीचे अंकीय जतन आणि बिट डेप्थची निवड : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात

बीजसंज्ञा : ध्वनिमुद्रिका, सीडी, बिट डेप्थ, डेसिबल, अंकीय जतन, महाविद्यालयीन ग्रंथालय.

प्रस्तावना :

दि. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी या नद्यांना आलेल्या महापुरात महाड शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. मनुष्यहानीपुढे वस्तूंची हानी गौण होय. तथापि पूर ओसरल्यानंतर घराघरांतून चिखलाने माखलेल्या ज्या वस्तू बाहेर टाकाव्या लागतात, त्यांत पुस्तके, छायाचित्रे व गाण्यांच्या तबकड्याही असतात. पुस्तकाची दुसरी प्रत बहुधा मिळू शकते. पन्नास वर्षांपूर्वीच्या ध्वनिमुद्रिकेची प्रत मिळेलच, असे नाही. त्यामुळे ध्वनिमुद्रिका व सीडी यांवरील ध्वनी संगणकात उतरवून ठेवण्याचा विचार या परिसरातील ग्रंथालये, महाविद्यालयांचे भाषा व इतिहास विभाग आणि हौशी संग्राहक यांनी करणे स्वाभाविक आहे.

हे काम हाती घेताच संगणकाच्या पडद्यावर पहिलाच प्रश्न उभा राहतो : १६ बिट की २४ बिट? बहुतेक वेळा यंत्रात जे आधीपासून ठरवलेले असते, तेच ठेवले जाते. किंवा ‘जास्त म्हणजे चांगले’ या समजुतीने मोठा आकडा निवडला जातो. या दोन्ही पद्धतींत विचार नाही. मूळ तबकडी पुढे नष्ट झाली, तर त्या क्षणी केलेली निवड कायमची ठरते. प्रस्तुत लेखात ही निवड कोणत्या आधारावर करावी, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

परिसराशी संबंधित ध्वनिसाहित्य :

रायगड किल्ला महाड तालुक्यात येतो. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने १९७४ मध्ये ‘शिवकल्याण राजा’ ही ध्वनिमुद्रिका प्रकाशित झाली. हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत, लता मंगेशकर यांचा स्वर आणि बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन असलेल्या या मुद्रिकेत समर्थ रामदास व कवी भूषण यांच्या रचना आहेत. रामदासांच्या वास्तव्याशी व दासबोधाच्या लेखनाशी परंपरेने जोडली गेलेली शिवथरघळही याच तालुक्यात आहे. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसरे यांचे गाव. तानाजीचा पोवाडा हा मराठी पोवाड्यांच्या परंपरेतील अग्रगण्य मानला जातो आणि पोवाडा हा प्रकार ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या काळापासून ध्वनिमुद्रित होत आला आहे. दुसरीकडे २० मार्च १९२७ च्या चवदार तळे सत्याग्रहामुळे महाडला आंबेडकरी गीतपरंपरेत अढळ स्थान आहे. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांनी घरोघरी पोहोचवलेली ही भीमगीतांची परंपरा तबकडीपेक्षा कॅसेट व नंतर सीडी या रूपांतच अधिक पसरली.

म्हणजेच एकाच कपाटात तीन भिन्न जातींचे साहित्य असू शकते : लाखेची ७८ फेऱ्यांची तबकडी, विनाइलची एलपी आणि सीडी. यांतील पहिल्या दोहोंत ध्वनी खाचेच्या आकाराच्या रूपाने, म्हणजे अॅनालॉग स्वरूपात असतो. तिसरीत तो आधीच आकड्यांच्या रूपात असतो. बिट डेप्थच्या निवडीत हाच भेद निर्णायक ठरतो.

बिट डेप्थ म्हणजे काय?

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील सतत बदलणारे चढउतार. संगणक या चढउतारांची ठरावीक अंतराने मोजमापे घेतो. एका सेकंदात किती मोजमापे घेतली, हा सॅम्पलिंगचा वेग. आणि प्रत्येक मोजमाप किती बारीक पट्टीने घेतले, ही बिट डेप्थ. नदीकाठच्या पूरमापक खांबाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. दिवसातून किती वेळा पातळी नोंदवली, हा एक प्रश्न. खांबावरील खुणा मीटरच्या आहेत की सेंटिमीटरच्या, हा दुसरा. खुणा विरळ असतील तर पाणी दोन खुणांच्या मध्ये असताना जवळची खूण लिहावी लागते आणि तेवढी चूक नोंदीत शिरते. पाणी खांबाच्या टोकावरून गेले, तर ते किती वर गेले हे मुळीच कळत नाही.

१६ बिटांच्या पट्टीवर ६५,५३६ पातळ्या असतात, तर २४ बिटांच्या पट्टीवर १,६७,७७,२१६. प्रत्येक वाढीव बिटामुळे सर्वांत मोठा ध्वनी व मोजमापाच्या चुकीतून निर्माण होणारी खरखर यांतील अंतर सुमारे ६ डेसिबलने वाढते. त्यामुळे १६ बिटांचा पल्ला सुमारे ९६ डेसिबल, तर २४ बिटांचा सुमारे १४४ डेसिबल होतो. हे आकडे सैद्धांतिक आहेत. प्रत्यक्षात यंत्रातील विद्युत खरखरीमुळे २४ बिटांच्या चांगल्या उपकरणालाही साधारण ११० ते १२० डेसिबलचाच पल्ला मिळतो; म्हणजे २४ पैकी १८ ते २० बिट खऱ्या अर्थाने कामी येतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बिट वाढल्याने आवाज अधिक ‘गोड’ किंवा ‘भरदार’ होत नाही. ऐकू येणाऱ्या तीव्र स्वरांची मर्यादाही बिट डेप्थवर नव्हे, तर सॅम्पलिंगच्या वेगावर अवलंबून असते. बिट डेप्थ ठरवते ती केवळ तळाशी राहणारी खरखर.

ध्वनिमुद्रिकेचा स्वतःचा पल्ला :

तबकडीवरील सर्वांत मोठा ध्वनी आणि खाचेची स्वतःची खरखर यांतील अंतर चांगल्या स्थितीतील एलपीत साधारण ६० ते ७० डेसिबल असते. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीत ते पुष्कळ कमी, ढोबळमानाने ४० डेसिबलच्या आसपास असते. एका बिटास ६ डेसिबल या हिशेबाने एलपीसाठी ११ ते १२ बिट आणि लाखेच्या तबकडीसाठी ७ बिट पुरावेत. मग १६ बिट हेच गरजेपेक्षा जास्त असताना २४ बिटांचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न कोणीही चिकित्सक वाचक विचारील.

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, केवळ ऐकण्यासाठी प्रत करायची असेल, तबकडी सुस्थितीत असेल आणि ध्वनीची पातळी काळजीपूर्वक जुळवलेली असेल, तर १६ बिट पुरतात. तयार झालेल्या प्रतीत १६ व २४ बिटांतील फरक कानाला जाणवण्याचे कारण नाही. कारण खाचेची खरखर मोजमापाच्या खरखरीच्या कितीतरी वर असते. परंतु जतनाचे काम ‘तयार प्रती’चे नसून ‘कच्च्या मालाचे’ असते. कच्च्या मालाच्या बाबतीत पुढील तीन कारणे महत्त्वाची ठरतात.

पहिले कारण : वर सोडायची मोकळी जागा. जुन्या तबकडीवरील ओरखड्यांचे ‘टक्-टक्’ आवाज संगीतापेक्षा पुष्कळ मोठे असू शकतात. ते पट्टीच्या टोकावर आदळले की त्यांची शिखरे कापली जातात, त्या क्षणीचा मूळ ध्वनीही हरवतो आणि पुढे ओरखडा पुसणाऱ्या संगणकप्रणालीला त्याचा खरा आकार सापडत नाही. म्हणून संगीताची पातळी बरीच खाली ठेवावी लागते. शिवाय तबकडीतील सर्वांत मोठा ध्वनी नेमका कोठे येईल, हे आधी ठाऊक नसते.

दुसरे कारण : खाचेतील ध्वनीची मुद्दाम बदललेली घडण. तबकडी कापताना मंद्र स्वर दाबले जातात व तीव्र स्वर वाढवले जातात. वाजवताना त्याच्या उलट दुरुस्ती करावी लागते. एलपीसाठी १९५४ पासून आरआयएए या नावाची एकच दुरुस्ती रूढ झाली. त्यापूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांबाबत मात्र कंपनीनुसार व काळानुसार भिन्न दुरुस्त्या होत्या. कोणती दुरुस्ती योग्य, हे उतरवून घेतानाच ठरवता येत नसेल, तर ध्वनी विनादुरुस्ती घेऊन ती नंतर संगणकात करणे हा सुरक्षित मार्ग होय. आरआयएए दुरुस्तीत सर्वांत खालचे स्वर मध्यम स्वरांच्या तुलनेत जवळजवळ २० डेसिबलने वर उचलले जातात. त्याबरोबर त्या भागातील मोजमापाची खरखरही तेवढीच वर येते.

या दोन्ही कारणांचा एकत्रित हिशेब ढोबळमानाने असा मांडता येईल. संगीताची शिखरे टोकापासून २० डेसिबल खाली ठेवली आणि नंतर मंद्र स्वर २० डेसिबलने उचलले, तर त्या भागात ४० डेसिबलचा पल्ला खर्ची पडतो. १६ बिटांच्या ९६ पैकी ५६ डेसिबल उरतात. एलपीचा स्वतःचा पल्ला ६५ डेसिबल धरला, तर आता तबकडीपेक्षा मोजमापाचीच खरखर मोठी झाली. ११० डेसिबलच्या २४ बिट उपकरणात तोच खर्च वजा जाता ७० डेसिबल उरतात आणि तबकडीचा संपूर्ण पल्ला सुरक्षित राहतो. २४ बिटांचे समर्थन तबकडीच्या थोरवीत नसून या वजाबाकीत आहे.

तिसरे कारण : पुढील संस्कारांतील पूर्णांकन. अंतर्गत मूल्यमापन, प्रात्यक्षिक व लेखी परीक्षा यांच्या गुणांचे प्रत्येक टप्प्यावर पूर्णांकात रूपांतर करून मग बेरीज केली, तर अंतिम गुणांत एखाद्या गुणाचा फरक पडू शकतो. म्हणून अपूर्णांक शेवटपर्यंत राखून एकदाच पूर्णांक करणे न्याय्य ठरते. ध्वनीचेही तसेच आहे. ओरखडे काढणे, पातळी वाढवणे, खरखर कमी करणे अशा प्रत्येक संस्कारात नवे पूर्णांकन होते व चुका साचतात. मूळ नोंद २४ बिटांची आणि संस्कार करताना संगणकातील ३२ बिट फ्लोट हे स्वरूप ठेवले, तर या चुका नगण्य राहतात. मात्र ३२ बिट फ्लोटच्या मोठ्या आकड्याने भुलून जाऊ नये. आत येणारा ध्वनी हा उपकरणाच्या क्षमतेइतकाच असतो.

ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयएएसएने, आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत अॅनालॉग साहित्यासाठी किमान २४ बिट व ४८ किलोहर्ट्झ आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्झ अशी शिफारस केली आहे, ती याच विचारातून. सॅम्पलिंगचा वाढीव वेग ओरखड्यांचा तीक्ष्ण आकार अधिक नेमका टिपतो व त्यामुळे ते ओळखणे सोपे जाते.

सीडीच्या बाबतीत निवड उरतच नाही :

सीडीचे मानक फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये निश्चित केले आणि १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये ती विक्रीस आली. आरंभी फिलिप्सचा कल १४ बिटांकडे होता. सोनीच्या आग्रहाने १६ बिट ठरले. तेव्हापासून प्रत्येक संगीत सीडी ही १६ बिट, ४४,१०० हर्ट्झ आणि दोन वाहिन्या यांच्या चौकटीत असते.

सीडीवर ध्वनी नसून आकडे असतात. त्यामुळे येथे काम मोजण्याचे नसून उतरवून घेण्याचे आहे. हस्तलिखिताची नक्कल करताना ज्याप्रमाणे एक अक्षरही कमी-अधिक होऊ नये, तसाच नियम येथे लागू होतो. सीडीवरील आकडे २४ बिटांच्या फाईलमध्ये भरले, तर प्रत्येक आकड्यापुढे आठ शून्ये जोडली जातात. फाईल दीडपट होते आणि माहितीत एका कणाचीही भर पडत नाही. उलट पुढील अभ्यासकाची दिशाभूल होते, कारण ती फाईल एखाद्या मूळ २४ बिट ध्वनिमुद्रणाची असावी, असे त्याला वाटेल. म्हणून सीडी १६ बिट व ४४,१०० हर्ट्झ अशीच जतन करावी. पुढे ध्वनीवर संस्कार करायचे असल्यास कामापुरती बिट डेप्थ वाढवणे योग्य आहे; मात्र ती कामाची प्रत झाली, जतनाची नव्हे.

सीडी प्लेअर वाजवून त्याच्या तारेतून ध्वनी पुन्हा संगणकात घेणे, हा प्रकार टाळावा. त्यात आकड्यांचे ध्वनीत व ध्वनीचे पुन्हा आकड्यांत रूपांतर होऊन विनाकारण हानी होते. संगणकाच्या ड्राइव्हमधून आकडे थेट वाचावेत, दोनदा वाचून ते जुळतात याची खात्री करावी. घरी लिहिलेल्या सीडी-आरमधील रंगद्रव्याचा थर प्रकाश, उष्णता व दमटपणा यांनी खराब होतो. म्हणून त्यांना अग्रक्रम द्यावा.

जयंती-उत्सवांच्या काळात विकल्या जाणाऱ्या शे-दीडशे गीतांच्या तबकड्या अनेकदा संगीत सीडी नसून एमपी३ फाईलींच्या असतात. एमपी३मध्ये ध्वनी आकुंचित रूपात असतो व त्याला ठरावीक बिट डेप्थच नसते. अशा फाईली जशाच्या तशा उतरवून ठेवाव्यात. त्यांचे १६ किंवा २४ बिटांत रूपांतर केल्याने गेलेला ध्वनी परत येत नाही.

प्रत्यक्ष कार्यपद्धती :

(अ) तबकडी प्रथम स्वच्छ करावी. विनाइलसाठी ऊर्ध्वपातित पाणी व मऊ ब्रश पुरतो. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल कदापि लावू नये. अल्कोहोलात लाख विरघळते.

(आ) सुई योग्य निवडावी. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेपेक्षा पुष्कळ रुंद असते. तिच्यात एलपीची सुई खाचेच्या तळाला घासत जाते. येथील चूक कितीही बिट वापरून भरून निघत नाही.

(इ) संगीताची शिखरे शून्यापासून १२ ते २० डेसिबल खाली राहतील, अशी पातळी ठेवावी. तबकडी जितकी ओरखडलेली, तितकी मोकळी जागा जास्त.

(ई) उपकरण खरोखर २४ बिट देते काय, हे तपासावे. यूएसबी जोडणीच्या अनेक स्वस्त टर्नटेबलांत १६ बिटांचेच परिवर्तक असतात. उपकरण २४ बिटांचे असूनही संगणकाच्या ध्वनिविषयक सेटिंगमध्ये १६ बिट राहिले असल्यास फाईलवर ‘२४ बिट’ लिहिलेले असते, पण आत १६ बिटच असतात.

(उ) मूळ नोंद कोणताही संस्कार न करता डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवावी. तिच्यासोबत तबकडीचा क्रमांक, सुई, वेग, दुरुस्ती, उपकरण व दिनांक यांची लेखी नोंद असावी. ओरखडे पुसलेली प्रत स्वतंत्र असावी.

(ऊ) विद्यार्थ्यांना ऐकवण्यासाठीची प्रत शेवटी १६ बिटांत आणावी. त्या वेळी डिदर वापरावा. डिदर म्हणजे पूर्णांकनापूर्वी मिसळलेली अतिसूक्ष्म, यादृच्छिक खरखर. तिच्यामुळे पूर्णांकनाची चूक संगीताला चिकटलेल्या कर्कश विकृतीऐवजी एकसारख्या मंद सरसरीत बदलते. तो एकदाच व शेवटच्या टप्प्यावर वापरावा.

साठवण व कायदा :

मोठ्या फाईली परवडत नाहीत, हा आक्षेप पूर्वी खरा होता. ४० मिनिटांची एलपी १६ बिट व ४४,१०० हर्ट्झला सुमारे ४२३ मेगाबाइट, तर २४ बिट व ९६ किलोहर्ट्झला सुमारे १.३८ गिगाबाइट जागा घेते. अशा शंभर एलपींना १३८ गिगाबाइट लागतात; आजच्या एक टेराबाइटच्या साध्या हार्ड डिस्कच्या सातव्या हिश्शापेक्षाही कमी. खरा प्रश्न जागेचा नसून ठिकाणाचा आहे. दोन्ही प्रती महाडातच तळमजल्यावर असतील, तर एकाच पुरात दोन्ही जातील. एक प्रत वरच्या मजल्यावर व दुसरी सावित्रीच्या खोऱ्याबाहेर असणे आवश्यक आहे.

भारतीय स्वामित्वहक्क कायदा १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. ‘शिवकल्याण राजा’वरील हा हक्क त्यानुसार २०३४ अखेरपर्यंत राहील. २०१२ च्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास, ज्या साहित्याची अंकीय नसलेली प्रत आपल्याजवळ आहे, त्याची अंकीय प्रत जतनासाठी साठवण्याची मुभा दिली आहे. जतनाची प्रत इंटरनेटवर सर्वांसाठी खुली करण्याचा परवाना मात्र यातून मिळत नाही.

निष्कर्ष :

१) विनाइल व लाखेच्या तबकड्यांसाठी मूळ नोंद २४ बिटांतच करावी. तबकडीचा पल्ला लहान असला, तरी वर सोडायची जागा, नंतरची दुरुस्ती व संस्कार यांचा खर्च त्यातून भागवावा लागतो.

२) सीडी आहे तशी १६ बिटांत, आकड्याला आकडा जुळवून उतरवावी. तिचे बिट वाढवणे निरर्थक आहे.

३) एमपी३ फाईलींचे रूपांतर न करता त्या मूळ रूपात जपाव्यात.

४) ऐकण्याच्या प्रतीला १६ बिट पुरेसे आहेत, ते डिदरसह, शेवटी व एकदाच करावे.

५) योग्य सुई, स्वच्छ तबकडी व पुरापासून दूर ठेवलेली दुसरी प्रत यांचे महत्त्व बिट डेप्थहून तसूभरही कमी नाही.

समारोप :

२४ बिटांवरून १६ बिटांवर केव्हाही येता येते. १६ बिटांवरून गमावलेल्या सूक्ष्म पातळ्यांकडे परत जाता येत नाही. रायगडाच्या पायथ्याशी आणि चवदार तळ्याच्या काठी ऐकल्या गेलेल्या स्वरांच्या बाबतीत परतीचा हा मार्ग खुला ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण मूळ तबकडी पुढच्या पावसाळ्यानंतरही हाती असेलच, याची खात्री या खोऱ्यात कोणालाही देता येत नाही.